ढाल, जिल्हा भंडारा

कॅरम हा खेळ किती वजनाचा आहे, असे विचारले तर लोक हसतील. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला माप आणि बेरीज दिसली की हात शिवशिवतात. नियमाप्रमाणे सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची. ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ राणी. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर चालत नाही. दोन खेळाडूंचे दोन स्ट्रायकर धरले तरी सगळा संसार १३५ ग्रॅमच्या आत आटोपतो. आणि एवढ्या ऐवजावर जो जिंकेल त्याला यंदा आमच्या कोहमाऱ्यात ५ फुटी चषक द्यायचे घाटते आहे! गेल्या वर्षीचा विजेता स्वतः ५ फूट २ इंच. फोटोत कोण कोणाला मिळाले, हे खाली लिहावे लागेल.

कोहमारा कुठे आले, हे नागपूरच्या पलीकडच्या वाचकांना सांगायला हवे. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग (आम्ही त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतो, सरकारने त्याचा ५३ केला तरी) आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते कोहमारा. इथे उतरणारा माणूस बहुधा दुसरी गाडी पकडायला उतरतो. चहा, आलुबोंडा, टायरची दुकाने, ट्रकांच्या रांगा. आणि दुसऱ्या गाडीची वाट बघता बघता माणसाने करायचे काय, या प्रश्नातून आमचे कॅरम मंडळ जन्माला आले. मी त्याचा खजिनदार. बँकेतला माणूस गावात आला की त्याला विचारत नाहीत, खजिनदार करून टाकतात. डॉक्टर दिसला की जीभ दाखवतात, तसेच ते.

मंडळाची एक फिरती ढाल आहे. सागवानी पाट, मध्ये पितळी चांदणी, कडेने विजेत्यांच्या नावांच्या १७ छोट्या पितळी पट्ट्या. खाली कोरलेले आहे: ‘कोहमारा, जिल्हा भंडारा’. ती ढाल काढून टाकावी आणि तिच्या जागी एका दानशूर गृहस्थांच्या खर्चाने ५ फुटी चषक आणावा, असा ठराव आमच्या चिटणीसांनी मांडला आहे. हे दानशूर गृहस्थ कोण, ते सांगत नाही. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी ‘भावी’ हा शब्द असतो, एवढे पुरे.

चिटणीसांचे ढालीवर तीन आरोप आहेत.

पहिला, ढालीवर जिल्हा चुकीचा आहे. वाचकहो, गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी आम्ही सगळे भंडाऱ्याचे. ढाल त्या काळातली. जुना जिल्हा कोरलेला आहे म्हणून ढाल बाद करायची, तर माझ्या जन्मदाखल्यावरही भंडाराच आहे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे, लग्नपत्रिकेवर आहे. “मग मला कुठे टाकता?” असे मी सभेत विचारले. चिटणीस म्हणाले, “तुमचं वेगळं आहे जी बाबूजी, तुमी चालता-बोलता.” म्हणजे जे चालत-बोलत नाही त्याने दर पुनर्रचनेला आपली पाटी बदलायची! चार पिढ्यांचे सातबारे कोणत्या जिल्ह्याच्या नावाने निघाले आहेत ते एकदा बघा म्हणावे.

दुसरा आरोप, ढाल लहान आहे. “स्टेजवर दिसतच नाही बाप्पा!” आता कॅरमबोर्डाचा खेळायचा भाग सगळा मिळून ७४ सेंटिमीटर चौरस. खुद्द खेळच चौथ्या रांगेतून दिसत नाही. पॉकेटच्या तोंडाशी अडकलेली सोंगटी आत गेली की नाही, हे पाहायला पंचालाही मान वाकवावी लागते. जो खेळ वाकून बघावा लागतो त्याचे बक्षीस क्रेनने उचलायचे? इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ज्याच्यासाठी १८८२ पासून भांडताहेत, तो अ‍ॅशेसचा कलश जेमतेम ४ इंचांचा आहे. मालिका कुणीही जिंको, तो लॉर्ड्सच्या संग्रहालयातच असतो. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरममधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोन वेळा जगज्जेता झालेला तो माणूस. त्यालाही सरकारने अर्जुनाची मूर्तीच दिली, अर्जुनाचा रथ नाही दिला.

मोठ्या चषकांचे पोट काय असते ते मी जवळून पाहिले आहे. वर सोनेरी मुलाम्याचा प्लास्टिकचा पेला, मध्ये पोकळ खांब, खाली संगमरवरासारखे दिसणारे काहीतरी, आणि हे सगळे एका लांब बोल्टवर ओवलेले. बोल्ट ढिला झाला की चषक मान टाकतो. आमच्या घरी मुलाला धावण्याच्या शर्यतीत मिळालेला असा एक आहे. त्याचे पंख गळाले, मग पेला गेला, आता नुसता खांब उरला आहे. आमच्या हिने एकदा तो भंगारवाल्याला दाखवला. त्याने हातात घेऊन, वाजवून परत दिला. “याचं काही येत नाही, बाई.” फुटबॉलचा जुल रिमे चषक १९६६ साली लंडनमध्ये चोरीला गेला होता, तो पिकल्स नावाच्या कुत्र्याने हुंगून काढला. पुढे १९८३ साली रिओमधून पुन्हा चोरीला गेला तो गेलाच. आमच्या चषकांना ही भीती नाही. चोर सोडा, पिकल्ससुद्धा त्याला हुंगणार नाही.

आणि नावे! ढालीवर १७ पट्ट्या, त्यांवर १७ विजेत्यांची नावे. ढाल कुणी दिली, त्याचे नाव मागच्या बाजूला, खिळ्यांच्या शेजारी. नव्या चषकाचे चित्र मला मोबाइलवर दाखवण्यात आले. समोर दानशूरांचा रंगीत फोटो, खाली नाव, त्याखाली हुद्दा (भावी), मग ‘यांच्या सौजन्याने’, मग दोन बोटांची रिकामी जागा. “ही कशासाठी?” मी विचारले. “थे जिंकनाऱ्यासाठी जी,” चिटणीस म्हणाले. “तिथं स्टिकर लावू.” स्टिकर! बँकेत आम्ही खुर्चीच्या पाठीवर डेड स्टॉकचा नंबरसुद्धा ऑइल पेंटने घालतो.

चिटणीसांची एक गोष्ट मात्र खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. ते म्हणतात, पोरांना चषक घरी न्यायला आवडतो. फिरती ढाल वर्षभराने परत द्यावी लागते, मग भिंतीवर नुसता खिळा राहतो. बरोबर आहे. म्हणून माझी उपसूचना अशी की जिंकणाऱ्याला एक चांगला स्ट्रायकर द्यावा, तोही घरी न्यायलाच. खेळणाऱ्या माणसाला त्याच्या स्ट्रायकरइतके प्रिय काही नसते. आमच्याकडे धानाच्या मळणीचे दिवस संपले की खेळायला येणारा एक म्हातारा आहे. त्याचा स्ट्रायकर कडेने इतका झिजला आहे की नियमाने तो केव्हाच बाद व्हावा. पण तो तंबाखूच्या डबीत, चुन्यापासून वेगळ्या कप्प्यात ठेवतो. आपल्या धाकट्या भावालाही त्याने तो कधी वापरायला दिलेला नाही. उरलेल्या पैशात नवा बोर्ड आणि वर्षाची बोरिक पावडर येईल. दानशूरांना ही कल्पना पसंत पडली नाही. पावडरीवर फोटो छापता येत नाही.

तिसरा आरोप हिशेबाचा, आणि तो थेट माझ्यावर आहे. मी ताळेबंदात ढालीची किंमत १ रुपया धरली आहे. चिटणीसांनी तोच ताळेबंद फडकावला: “खजिनदारच म्हणतात एक रुपयाची आहे, मग फेकायला हरकत काय?” अहो, घसारा धरून धरून वस्तू पुस्तकात संपली, तरी ती आपल्याकडे आहे हे विसरू नये म्हणून तो १ रुपया ठेवायचा असतो. तो रुपया किंमत नाही, हजेरी आहे! खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला १५१ बैलगाड्या. त्या पदकातल्या धातूचा भाव काढला तर एका बैलजोडीची पेंडही येणार नाही. आणि २०१७ साली त्यांच्या मुलावर ते पदक लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली, कारण कुस्ती अकादमीचे सरकारी आश्वासन पुरे होत नव्हते. त्यांनी निदान अकादमीसाठी पदकाला हात घातला. आम्ही ढालीला हात घालतो आहोत तो फ्लेक्ससाठी.

आता मुख्य मुद्दा, जो चिटणीसांना मी अजून सांगितलेला नाही. ढाल मंडळाची नाहीच.

पट्टी क्रमांक ५, ६ आणि ७ यांवर एकच नाव आहे. चौकात ट्रकांचे पंक्चर काढणारा गडी होता तो. हाताला कायम रबराचा वास, बोटे जाड. पण राणी आणि तिचे कव्हर तो असे घ्यायचा की समोरचा चहा प्यायचा विसरायचा. लागोपाठ तीन वर्षे जिंकला. मंडळाच्या जुन्या नियमावलीत, कलम ११ मध्ये, स्पष्ट लिहिले आहे की सलग तीनदा जिंकणाऱ्याला ढाल कायमची मिळेल. ब्राझीलला तीनदा जिंकल्यावर १९७० साली जुल रिमे चषक कायमचा मिळाला, तसेच. इतिवृत्ताच्या वहीत त्या वर्षीची नोंद आहे. ढाल त्याला दिली गेली. त्याने ती हातात घेतली, आणि म्हणाला, “घरी ठेवाले जागा नाही जी. इथंच राहू द्या, पोरं खेळतीन.” खाली त्याची सही आहे, ‘स’ उलटा.

कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात, हे लॉकरच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला शिकवायला नको. माल ठेवणाऱ्याचा. आपण नुसते सांभाळणारे. तो गडी आता नाही. त्याची मुलगी देवरीकडे दिली आहे; मंडईला माहेरी आली की ती आपल्या पोराला घेऊन मंडळाच्या खोलीत येते आणि बोटाने तीन पट्ट्या दाखवते. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर त्या माणसाचे नाव छापील किंवा कोरीव अक्षरात आणखी कुठेही नाही. टायरच्या दुकानावर मालकाचे होते.

वार्षिक सभा येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता शाळेच्या व्हरांड्यात आहे. कोरम होणार नाही, मग नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरेल. नियमावली आणि इतिवृत्ताची वही मी पिशवीत घातली आहे. ती मुलगीही येणार आहे. तिला बसस्टँडवरून आणायला आमची ही जाईल. ढाल सध्या आमच्या घरी धानाच्या कोठीवर उभी आहे. स्कूटरवर मागे बसून ती धरायला एक माणूस हवा. ५ फुटी चषकाला टेम्पो लागला असता.