यादी जागतिक बँकेची नव्हे



रविवारच्या पुरवणीतील लेखात जागतिक बँक केवळ उत्पन्न पाहून देशांवर ‘अल्पविकसित’चा शिक्का मारते, असे ठोकून दिले आहे. अल्पविकसित देशांची यादी १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांची आहे. दर तीन वर्षांनी होणाऱ्या आढाव्यात उत्पन्नाबरोबर आरोग्य-शिक्षण आणि आर्थिक-पर्यावरणीय असुरक्षितताही मोजतात. तुवालूने उत्पन्नाची मर्यादा केव्हाच ओलांडली. तरी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीची ती बेटे यादीत आहेत, ती या असुरक्षिततेमुळेच.

शिक्का लादला जातो, हेही चूक. देशाच्या संमतीविना नाव घालत नाहीत. घानाने पात्र ठरूनही नकार दिला. ‘एकदा अडकला की सुटका नाही’ म्हणावे, तर बोट्स्वाना १९९४ मध्ये, मालदीव २०११ मध्ये आणि भूतान २०२३ मध्ये बाहेर पडले. उलट बाहेर पडणे लांबवा, अशी मागणी बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखानदारांनीच केली. यादीमुळे मिळणारी युरोपातली शुल्कमाफी कोणाला सोडवते?

टीकाच करायची, तर इक्वेटोरियल गिनी होता. शाळा-दवाखान्यांची दैना असताना तेलाच्या पैशावर तो २०१७ मध्ये बाहेर पडला. लेखात त्याचे नावही नाही.

– एक वाचक, सातारा