आधी गोणी, मग आपण



गणपतीआधी डिचोलीच्या घराचा माळा झाडताना पत्र्याच्या ट्रंकेत एक मासिक सापडलं. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चा जुना अंक, कडा वाळवीने खाल्लेल्या. मागच्या पानांवर छोट्या छोट्या जाहिरातींची गर्दी होती आणि त्यातल्या एकीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. ते मी आठवीत असताना काढलेलं!

ती जाहिरात होती बेन्सनच्या जायरोकॉप्टरची. नळ्यांचा सांगाडा, एक खुर्ची, पाठीमागे इंजिन, डोक्यावर दोन पात्यांचा पंखा आणि खुर्चीत हसणारा माणूस. कूपन भरा, पैसे पाठवा, आराखडे मागवा आणि घरी बसून विमान बांधा! इगोर बेन्सन हे गृहस्थ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले गावी कारखाना चालवत. त्यांचं इंजिनवालं यंत्र 1955 साली उडालं आणि पुढे कित्येक वर्षं या जाहिराती छापून येत राहिल्या. आजच्या मुलांना ओळख पटायची तर 1967 च्या जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधलं ते चिमुकलं उडतं यंत्र आठवा. ते याच जातकुळीतलं.

हे अंक आमच्याकडे मामामुळे यायचे. मामा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. साहेबांच्या रद्दीतून तो मासिकं उचलून आणायचा, चित्रं बघायला. त्या काळी डिचोलीत आम्ही मुलांनी जवळून पाहिलेली मोठी यंत्रं म्हणजे खनिजाचे ट्रक. विमान म्हणजे दाबोळीच्या दिशेने जाणारा एक चकाकता ठिपका. आणि इथे तर लिहिलं होतं, की तुम्हीसुद्धा बांधू शकता!

आराखडे मागवायचे तर डॉलर हवेत. पोस्टात विचारलं तर मास्तर हसले. परदेशी पैसे पाठवणं म्हणजे तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा खटाटोप. आठवीतल्या पोराला कोण देणार? मग ठरलं, चित्र बघूनच बांधायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे पेडण्याला गेलो. आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हाताने तरबेज. फळीला चार बेअरिंगं लावून आमची गाडी तयारच होती. तिच्यावर खांब उभा केला, बांबूच्या कामट्यांवर मेणकापड ताणून दोन पाती केली. सड्यावर पावसाआधीचा वारा असतो आणि कडेला उतार. उतारावरून गाडी सोडायची, पाती फिरतील, की आपण वर!

तेवढ्यात मामा आत्याकडे आला. आम्हाला वाटलं, ओरडणार. तो ओरडला नाही. त्याने अंक मागून घेतला आणि ती जाहिरात सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचली. आम्ही फक्त चित्र पाहिलं होतं. मामाने बारीक अक्षरं वाचली. बेन्सनसाहेब नुसतं इंजिनवालं यंत्र विकत नव्हते. आधी बिनइंजिनाचं, गाडीच्या मागे दोराने ओढायचं ग्लायडर घ्या, त्यावर शिका, असा त्यांचा क्रम होता. मामा म्हणाला, "बघ, तो गोरासुद्धा तेंच सांगता. आदीं जमनीर, मागीर वयर."

मग त्याने गोणीत माती भरली, माझ्या वजनाएवढी, आणि ती गाडीवर बांधली. "आज ही उडतली. तुमी फाल्यां."

उतारावरून गाडी सुटली. पाती फिरू लागली, खरंच फिरू लागली! आम्ही आनंदाने ओरडलो. आणि पुढच्या क्षणी एक पातं खांबापासून निखळलं, फाटकन खाली आलं आणि त्याची टोकदार कामटी गोणीत घुसली. गोणीच्या वरच्या भागात. जिथे माझं डोकं असतं, तिथे.

कोणी काही बोललं नाही. मामाने कामटी उपसून माझ्या हातात दिली. आम्ही चालत घरी आलो. आत्याला आजतागायत ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

ही आठवण मला पुन्हा छळायला लागली ती ऑगस्ट 2021 मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावच्या विशीतल्या एका वेल्डरने दोन वर्षं खपून स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. चाचणी घेताना पातं तुटलं, त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. बातमी वाचून बरेच जण म्हणाले, "कशाला हे नसते उद्योग?" मला तसं म्हणता आलं नाही. त्याच्यात आणि माझ्यात फरक अकलेचा नव्हता, मातीच्या एका गोणीचा होता.

दुसरं उदाहरणही याच मातीतलं. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आधीचे प्रयत्न फसलेले, तरी सोडलं नाही. 2016 साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. नोंदणी, तपासण्या, कागद हे सगळं कंटाळवाणं वाटतं. पण नीट पाहिलं तर ती मामाची गोणीच आहे. माणूस बसण्याआधी यंत्राला विचारलेला प्रश्न.

आता पेडण्याला गेलो की गंमत वाटते. हरमलला टेकडीवरून पॅराग्लायडिंगवाले समुद्रावर तरंगतात आणि मोपाच्या सड्यावर 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरतात. ज्यांच्या काजूबागा तिथे होत्या, त्यांना त्या आवाजात दुसरंच काही ऐकू येत असेल, हेही विसरता येत नाही. आतेभाऊ आता साठी ओलांडलेला. विमान डोक्यावरून गेलं की अजून मान वर करतो. मग माझ्याकडे बघून नुसता हसतो.

तर मुलांनो, तुमच्या हातात आता ड्रोन आहेत, मोबाइलवर हवं ते बांधायचे व्हिडिओ आहेत. कूपन भरायला नको, डॉलर नकोत. जरूर बांधा. आणि घरातल्या मोठ्यांनो, ओरडू नका. मामासारखं शेजारी बसा, बारीक अक्षरं वाचून दाखवा आणि गोणी भरायला मदत करा. मामा आता नाही. तो अंक मात्र मी परत ट्रंकेत ठेवला नाही, नातवाच्या टेबलावर ठेवलाय. लाल वर्तुळ त्याने पाहिलंय. काय विचारतो, त्याची वाट बघतोय.

भेटू पुढच्या अंकात.