तद्विद्यसंभाषा आणि महाजालावरील खुले संशोधन

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेने विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक इंग्रजी लेखाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या लेखात आयुर्वेदास छद्मविज्ञान म्हटले आहे, ही तक्रार होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्या लेखात दुरुस्ती करण्याचा मार्ग याचिकाकर्त्यांना मोकळा असल्याचे दाखवून दिले. अनेक वैद्यबंधूंना हा निर्णय खटकला. परंतु त्यातून निघणारा प्रश्न आपणासच विचारावयाचा आहे : दुरुस्ती करावयाची तर ती कोणत्या आधारावर?

विकिपीडिया हा कोश आहे. अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या व विश्वासार्ह मानल्या गेलेल्या साहित्याचा आधार असेल तरच तेथे मजकूर टिकतो. लेखकाचे स्वतःचे मूळ संशोधन तेथे वर्ज्य आहे. वैद्याने चाळीस वर्षांचा अनुभव प्रामाणिकपणे लिहिला, तरी आधाराअभावी तो पुसला जाईल. यात आकस मानण्याचे कारण नाही, कारण कोशाचा धर्मच तो आहे. आपली अडचण वेगळी आहे. महालातील जुन्या दवाखान्यांपासून खेड्यापाड्यांतील चिकित्सकांपर्यंत आपला अनुभव हातगुणाच्या कीर्तीत राहतो. नोंदीत, मोजमापात आणि छापील अक्षरांत तो क्वचितच उतरतो.

हा अनुभव मांडण्यासाठी आता खुली सहयोगी व्यासपीठे उपलब्ध आहेत. विकिपीडियाचेच भावंड असलेल्या विकिव्हर्सिटी या प्रकल्पात मूळ संशोधनास मज्जाव नाही. तेथेच २०१४ मध्ये वैद्यकाचे एक नियतकालिक सुरू झाले. ते आज ‘विकिजर्नल ऑफ मेडिसिन’ या नावाने ओळखले जाते. लेखकाकडून शुल्क घेतले जात नाही, लेख त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो आणि परीक्षकांचे आक्षेप व लेखकाची उत्तरे लेखासोबतच वाचकांसमोर राहतात. पैसे भरताच ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या पत्रिकेत लेख छापून देणारी दुकाने आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्या तुलनेत ही उघडी पद्धत किती स्वच्छ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

ही पद्धत आपणास परकीही नाही. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि यांनी आपापली तंत्रे रचून ती आत्रेयांना ऋषिसमुदायासमक्ष ऐकविली आणि अनुमोदन मिळाल्यावरच ती लोकांत प्रतिष्ठित झाली, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सविस्तर आले आहेत. तेथे आचार्य मार्मिकपणे सांगतात की, गुरू प्रसन्न झाल्यावर शिष्यास क्रमाक्रमाने जे गुह्य देतो, ते वादाच्या उत्साहात प्रतिपक्षी एकदम बोलून जातो. संभाषेने ज्ञान उघड होते, हा तिचा दोष नव्हे, लाभ आहे.

‘पण आमचा पाठ उघड केला तर उद्या दुसराच तो विकेल’, ही औषधी कारखानदारांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर हळदीच्या प्रकरणात सापडते. हळदीच्या व्रणरोपक उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते रद्द झाले ते जुन्या ग्रंथांतील व १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लिखित पुराव्यांमुळे. ‘आमच्या आजीला ठाऊक होते’ एवढ्याने ते झाले नसते. जे प्रसिद्ध आहे, त्यावर परक्यास मक्ता सांगता येत नाही. मात्र एखादी कल्पना खरोखर नवीन असेल आणि तिचे पेटंट घ्यावयाचे असेल, तर अर्ज आधी व प्रसिद्धी नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळावा. एकदा प्रसिद्ध झालेले पुन्हा नवीन ठरत नाही.

प्रसिद्धीचा दुसरा लाभ प्रतिष्ठेचा आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शोधन-मारणाच्या शास्त्रीय विवेचनाने त्या आकड्यांस उत्तर होत नाही. प्रत्येक बॅचचे तपासणी अहवाल, कच्च्या द्रव्याची ओळख आणि निर्मितीच्या पायऱ्या आकड्यांनिशी उघड मांडणारा कारखानदारच खरे उत्तर देऊ शकतो.

तथापि उघडेपणाबरोबर बंधनेही येतात. सहयोगी संकेतस्थळावर प्रत्येक जुनी आवृत्ती जपली जाते. आज घाईने टाकलेले उद्या सहज मिटत नाही. म्हणून रुग्णाची लेखी संमती अनिवार्य मानावी. केवळ नाव गाळणे पुरेसे नाही : महालासारख्या दाट वस्तीत व्यवसाय, वय आणि गल्ली कळली की माणूस ओळखला जातो. चिकित्सकीय परीक्षण योजावयाचे असेल, तर नीतिसमितीची मान्यता घेऊन, पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच २००७ पासून चालू असलेल्या भारतीय चिकित्सा-परीक्षण नोंदवहीत नोंद करावी. ज्याचे उत्पादन आहे त्याने आपला आर्थिक संबंध स्पष्ट लिहावा. संशोधनाचे सोंग घेऊन जाहिरात केल्यास १९५४ चा जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा तर आड येईलच, शिवाय खऱ्या संशोधनाचीही पत जाईल. आणि यश कळवावे, तसेच अपयशही कळवावे. लाभ न झालेले रुग्ण वगळलेला लेख हा अर्धसत्याचाच प्रकार होय.

मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. संघटनेच्या प्रत्येक त्रैमासिक बैठकीत एका सदस्याने एक रुग्णवृत्त अथवा एक निर्मितिप्रक्रिया लेखी मांडावी. दोन वैद्य आणि एक भैषज्यकल्पनेचा जाणकार यांनी लेखी आक्षेप द्यावेत. उत्तरे व दुरुस्त्या झाल्यावरच लेख बाहेरच्या तज्ज्ञ परीक्षणासाठी पाठवावा. आक्षेप घेणाऱ्यास शत्रू न मानण्याची सवय घरात लागली, तर जगासमोरचे परीक्षण जड जाणार नाही. आपल्या शास्त्राविषयी इतरांनी काय लिहावे, हे न्यायालयातून ठरत नाही. आपण काय लिहून ठेवतो आणि ते कितपत तपासू देतो, यावरच ते ठरणार आहे.