दुसऱ्या फेरीला कोण येणार?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरायला लागतात. मागे तिरंगा, मध्ये बुलेट, खाली ‘शहिदांना मानवंदना – कोकण राइड’ आणि शेवटी टी-शर्टची साइज विचारणारी लिंक. अशा एका रायडर ग्रुपबरोबर मी चार वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतोय. गाव शिरोडा, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरची. त्यामुळे राइड सिंधुदुर्गात जाणार असली की रूट, मुक्काम, जेवण आणि ‘कुटुंबाशी बोलणं’ ही सगळी कामं माझ्या गळ्यात पडतात. हे सगळं आतून बघून माझं एक मत झालंय. ते ग्रुपवर लिहिलं की ‘भावा, निगेटिव्ह होऊ नको’ असं उत्तर येतं. म्हणून इथे लिहितोय.

ज्या घरी आपण दुसऱ्यांदा जाणार नाही, त्या घरी मानवंदना द्यायला पहिल्यांदाही जाऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी हे बघा की अशी राइड एखाद्या घरी पोचते तेव्हा काय होतं. पंचवीस बाइक अरुंद पाणंदीतून आत येतात. दोघातिघांनी सायलेन्सर बदललेले असतात, त्यामुळे वाडीला अर्धा किलोमीटर आधीच कळतं. खळ्यात झेंडे उभे राहतात, फोटोला हार घातला जातो, घोषणा होतात. ड्रोन माडांच्या वर जातो. घरातली म्हातारी बाई शेजाऱ्यांकडून कप गोळा करत असते, कारण पंचवीस जणांना पुरतील एवढे कप कुणाच्याच घरात नसतात. ‘बसा रे बाबांनो, चाय ठेवतंय,’ असं ती म्हणते. आपण मात्र पुढच्या स्टॉपला उशीर झालाय म्हणून उभ्याउभ्याच चहा घेतो. चाळीस मिनिटांत सगळं आटोपतं. रात्री रील पडते आणि तिच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

अशाच एका घरी निघताना काकींनी मला बाजूला बोलावलं. ‘तू शिरोड्याचो मां रे? पेन्शनचो मेसेज इलो हा. इंग्लिशात आसा. बघशीत?’

हयातीच्या दाखल्याची मुदत संपत आल्याचा तो मेसेज होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निवृत्त सैनिकांचं आणि सैनिकांच्या पत्नींचं पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून येतं. पेन्शन घेणारी व्यक्ती जिवंत आहे, हे वर्षातून एकदा कळवावं लागतं. नाही कळवलं तर पेन्शन थांबतं. २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं तेव्हापासून हे आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या करता येतं. २०२१पासून चेहरा दाखवूनही होतं. कागदावर सोय उत्तम आहे. मी स्वतः त्याच धंद्यातला असल्यामुळे कुठल्याही सिस्टिमला उगाच शिव्या घालणार नाही.

पण आमच्या भागातले हात बघा. काजूच्या टरफलातलं तेल बोटांची कातडी जाळतं. ज्या बाईने तीस वर्षं काजू फोडले, भात लावलं, सोडणं सोलली, तिच्या बोटांवर रेषा उरतातच कुठे? मशीनवर बोट ठेवायचं, लाल दिवा लागतो, पुसून परत ठेवायचं, पुन्हा लाल. चेहऱ्याचा पर्याय वापरायचा तर चांगला स्मार्टफोन हवा, त्यावर दोन वेगवेगळी ॲप हवीत आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज हवी. त्यात नावाचा घोळ. सैन्याच्या कागदांत लग्नानंतरचं एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं स्पेलिंग. जन्मतारीख तर अंदाजाने घातलेली. ही तफावत दुरुस्त करायची तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि नवऱ्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो.

म्हणजे जो गेला त्याला आपण दरवर्षी सलाम ठोकतो आणि मागे जी राहिली तिला मात्र आपण हयात आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं. पहिल्या कामाला पंचवीस जण मिळतात. दुसऱ्याला एकही नाही.

काकींचा दाखला मी पंधरा दिवसांनी गणपतीला घरी आलो तेव्हा केला. फोन माझा, वेळ लागला पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं रेंज शोधण्यात गेली. नावाच्या दुरुस्तीला मात्र आणखी तीन फेऱ्या लागल्या. या कामाची रील होत नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काहीच नसतं.

आता हिशेब करू. पुणे ते शिरोडा जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटर. ३५० सीसीची गाडी लिटरला ३२ किलोमीटर देते असं धरलं तर २५ लिटर पेट्रोल, म्हणजे एका गाडीचे अडीच हजारांच्या वर. पंचवीस गाड्यांचे पासष्ट हजारांच्या आसपास, आणि टी-शर्ट, बॅनर, मुक्काम वेगळे. ‘हे पैसे दान करा’ असं मी म्हणत नाही. बाइक चालवण्याचा आनंद मलाही हवा असतो आणि त्या घरांनाही आपल्या चेकपेक्षा माणसाची गरज जास्त असते. मला एवढंच दिसतं की आपल्याकडे पैसा आहे, पेट्रोल आहे, सुट्टी आहे, हातात चांगला फोन आहे. मग ज्या कामाला फोन आणि पाऊण तास लागतो, ते काम आपल्या कार्यक्रमपत्रिकेत का नाही?

यावर एक उत्तर नेहमी येतं : ‘राइडमुळे जागृती होते.’ कसली जागृती? मुंबईहून गोव्याला जाणारे कित्येक रायडर माणगावातून जातात. ग्रुपवर माणगावचं नाव फक्त ट्रॅफिक जॅम म्हणून येतं. त्याच तालुक्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. बरोबरचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली होती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावातच आहे. चार वर्षांत आमची एकही राइड तिथे थांबलेली नाही, कारण पोस्टरवर तो स्टॉप चालत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांना निदान आंबोलीचे पांडुरंग गावडे माहीत हवेत, जे मे २०१६मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. वैभववाडी तालुका हे मूळ गाव असलेले मेजर कौस्तुभ राणे माहीत हवेत, जे ऑगस्ट २०१८मध्ये गुरेझमध्ये गेले. मागच्या राइडच्या ब्रीफिंगमध्ये मी ही दोन नावं विचारली. पंचवीसपैकी चौघांनी हात वर केले.

जागृतीची आणखी एक गडबड आहे. आपल्या रीलमध्ये वीरपत्नीचे दोनच फोटो असतात. एक शवपेटीवर डोकं ठेवलेला. दुसरा गणवेशातला, म्हणजे कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक किंवा मेजर राण्यांच्या पत्नी कनिका राणे, ज्या पुढे स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्या दोघींची जिद्द मोठीच आहे. पण बहुसंख्य बायका या दोन फोटोंच्या मधल्या चाळीस वर्षांत राहतात. ई-सेवा केंद्राच्या बाकावर, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या एसटीत. त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

आणि जो गोळीने गेला नाही त्याचं काय? ड्युटीवर असताना आजाराने गेलेल्या जवानाचं नाव कुठल्याच पोस्टरवर नसतं. शत्रूशी लढताना गेलेल्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतकं पेन्शन मिळतं. साध्या आजारपणात गेलेल्याच्या पत्नीला पहिली काही वर्षं ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. सरकारने हा फरक कशावर केला, याची चर्चा वेगळी. पण मदतीची गरज कुठल्या घरात जास्त असेल, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. आपल्या राइड मात्र त्या घराच्या दारावरून पुढे जातात.

दुसरं उत्तर : ‘हे सरकारचं काम आहे.’ मान्य. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं असतात. पण शिरोडा-आरोंद्याच्या कोपऱ्यातल्या घरापर्यंत रोज जाणार कोण? अर्ज कुठे करायचा हे ऑफिस सांगेल, म्हातारीला मागे बसवून तिथे नेणार नाही. आणि मागची सीट तर आपल्याकडेच आहे ना?

माझ्या व्यवसायात एक गोष्ट रोज दिसते. नवीन ॲप लाँच झालं की केक कापतात. पुढची पाच वर्षं ते चालू ठेवणाऱ्या टीमचं नाव कुणाला माहीत नसतं. आपला देशाभिमानही असाच लाँचचा झालाय. लांब कशाला जायचं? मालवणात राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिनी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. आपण सगळ्यांनी त्यावर संतापून पोस्ट टाकल्या, आणि ते बरोबरच होतं. पण हार घालून चाळीस मिनिटांत निघून जाणारी आपली राइड त्याच मनोवृत्तीची आहे, हेही मग कबूल करायला हवं.

राइड बंद करा असं मी म्हणत नाही. प्रवास करून आदर दाखवता येतो. अमेरिकेत २००५मध्ये पॅट्रियट गार्ड रायडर्स नावाचा गट कॅन्ससमधून सुरू झाला. तिथलं एक चर्च सैनिकांच्या अंत्यविधीला जाऊन घाणेरडे फलक दाखवायचं. हे बाइकवाले झेंडे घेऊन कुटुंब आणि निदर्शक यांच्या मध्ये उभे राहायचे. त्यांचा मुख्य नियम असा की कुटुंबाने बोलावलं तरच जायचं. म्हणजे राइड कुटुंबाच्या गरजेतून जन्मली. आपल्याकडे बंगळुरूत राहणारे संगीतकार उमेश गोपीनाथ जाधव यांचं उदाहरण आहे. पुलवामात गेलेल्या ४० जवानांच्या घरची माती गोळा करायला ते एप्रिल २०१९मध्ये गाडी घेऊन निघाले, सुमारे ६१ हजार किलोमीटर फिरले आणि १४ फेब्रुवारी २०२०ला तो कलश लेथपोऱ्याच्या स्मारकात पोचवला. ना ताफा, ना स्पॉन्सर. रस्ता त्यांनी घरांवरून ठरवला. आपण तो समुद्रकिनाऱ्यांवरून ठरवतो आणि वाटेत एखादं घर बसवतो.

म्हणून माझ्या ग्रुपपुढे, आणि हे वाचणाऱ्या कुठल्याही ग्रुपच्या ॲडमिनपुढे, माझी मागणी ठेवतो.

कुटुंबाला आधी विचारा. ‘नको’ म्हणाले तर रूट बदला. घरात पाचजणच जा, बाकीच्या गाड्या रस्त्यावर थांबू देत. चहा-साखर आपली न्या. कॅमेरा विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. प्रत्येक घरी दोन प्रश्न विचाराच : हयातीच्या दाखल्याची तारीख कधी आहे, आणि कुठलं काम अडलंय? उत्तर वहीत लिहा. समोर एका रायडरचं नाव घाला, जो शक्यतो त्याच तालुक्यातला असेल. त्याने काम झाल्याचं ग्रुपवर कळवेपर्यंत राइड संपली असं कुणी म्हणायचं नाही. आधार क्रमांक आणि ओटीपी कुणाच्याही चॅटमध्ये जाणार नाही, हीसुद्धा त्याचीच जबाबदारी. आणि ऑगस्टच्या पावसात आंबोली घाटात स्टंट करण्यापेक्षा ७ डिसेंबरला निघा. १९४९पासून तो दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. हवा छान असते, रस्ते कोरडे असतात आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयालाही त्या दिवसांत माणसं हवी असतात.

‘एवढं केलं तर पंचवीस लोक येणार नाहीत,’ असं मला सांगतात. नाहीच येणार. सहा येतील. सहा जणांत एका तालुक्यातली बरीच घरं होतात, आणि सहा जणांना पुरतील एवढे कप प्रत्येक घरात असतात.