पंचांचा सामना गेटपासून सुरू होतो

मागच्या हिवाळ्यात रायपुरातच आम्ही एक हॉकी सामना खेळायला बाहेर गेलो होतो. एक पंच आले ते पायात चप्पल आणि अंगात यजमान संघाच्या रंगाचा टी-शर्ट घालून. नंतर त्यांनी पंचांचा पोशाख चढवला आणि सामना नीट चालवला. पण शेवटच्या मिनिटांत त्यांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर दिला आणि आम्ही हरलो. परतताना बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "तो टी-शर्ट पाहिलास ना?"

निर्णय बरोबर होता. चेंडू माझ्याच पायाला लागला होता. तरी बसमध्ये मी गप्प राहिलो. ती चूक माझी. पण संशयाला जागा त्या टी-शर्टने दिली.

१९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. यजमान देशाच्या पंचांवर शंका नको, म्हणून तिसऱ्या देशाचे पंच! मग टी-शर्ट बदलणे काय अवघड आहे?

महागडा ब्लेझर कोणी मागत नाही. बरेच पंच लांबून बसने येतात, मानधनही बेताचेच असते. धुतलेला, इस्त्रीचा, कोणत्याच संघाच्या रंगाचा नसलेला शर्ट, फुलपँट आणि बूट एवढे पुरे.

फॉल-इनच्या आधी आम्ही एकमेकांचा टर्नआउट तपासतो. पंचांनीही निघताना एकदा आरशात पाहावे. शिट्टी वाजण्याआधीच खेळाडू त्यांच्याकडे पाहत असतात.