थांबचा हात

पत्रकावर कुणाचं नाव वर टाकायचं, यावर मागल्या बैठकीत आपण २ तास काढले. तेवढ्यात गटारात गुदमरून मेलेल्या माणसाच्या बायकोचा अंगठा कंत्राटदाराच्या माणसानं कोऱ्या कागदावर उठवून घेतला. हातावर २०,००० टेकवले.

दोस्तांनो, त्या खोलीत मीही होतो, म्हणून लिहितो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आपल्या अभ्यासूला हे तोंडपाठ. तो कलमं म्हणत राहिला. भाषणवाल्यानं १४ माणसांपुढं १४ हजारांची सभा ठोकली. एकाचा मोबाईल दर ५ मिनिटांनी बोंबलत होता. आणि मी? चहा आल्याबरोबर नवी कविता म्हटली. वाहवा मिळाली. आता लाज वाटते.

दाराजवळ बसलेली पोरगी दोनदा म्हणाली, ‘‘पत्रक राहू द्या, आधी वहिनींकडे चला. ठाण्यात गुन्हा नोंदवू.’’ पहिल्यांदा चहाचे पेले मधे आले. दुसऱ्यांदा भाषणवाला म्हणाला, ‘‘ताई, थांब जरा, महत्त्वाचं चाललंय.’’ ती गप्प झाली. ते गप्प बसणं आपण होकार धरला.

बौद्ध संघाला संसदेची कार्यपद्धती ठाऊक होती, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत सांगितलं. बसायच्या जागेपासून मतमोजणीपर्यंत सगळ्याला नियम. विनयात मोठ्या कामाचा ठराव एकदा मांडायचा, मग तीनदा पुकारायचा; अमान्य असेल त्यानं बोलावं, गप्प राहील त्याची संमती. तीनदा विचारल्यावर त्यांना तो हक्क होता. आपण एकदा तरी विचारलं?

तरी कोसंबीचा संघ फुटलाच. कशावरनं, तर शौचकूपातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरनं! एक विनयाचा पंडित, दुसरा धम्म सांगणारा, आणि दोघांचे चेले हमरीतुमरीवर. खुद्द बुद्धाचंही ऐकेनात. लोकांनी भिक्षा बंद केली तेव्हा ताळ्यावर आले. आपलं पत्रक त्या पाण्याचंच भावंडं.

गोदीत असं चाललं तर रोज एक मुडदा पडेल. बोटीच्या पोटात काय चाललंय ते क्रेनवाल्याला दिसत नाही. तो एकाच माणसाच्या हाताकडं बघतो. दहा जणांनी दहा इशारे केले तर बोजा कुणाच्या तरी टाळक्यात. पण थांबचा हात कुणीही करावा, काल लागलेल्या पोरानंसुद्धा. क्रेन थांबते. तू कोण, किती शिकलास, कुणी विचारत नाही.

मला बैठकीत तो हात पाहिजे. मोबाईल बाहेर पिशवीत टाका, चहा ठरावानंतर, कविता तर नकोच, माझी तर नकोच नको. ठराव तीनदा पुकारा आणि विचारायला दारापासून सुरुवात करा. भाषणवाल्याला राग येईल. येऊ द्या, माणूस वाईट नाय, मोर्चात पहिली लाठी तोच खातो.

ती पोरगी मागल्या रविवारी आली नाही. मी घरी गेलो. म्हणाली, ‘‘दादा, अंगठा दिला म्हणून गुन्हा मिटत नाही. वहिनींना घेऊन मी ठाण्यात खेटे घालते. बैठकीला वेळ कुठाय?’’

येत्या रविवारी पाळी सुटली की मी ठाण्याच्या दारात असेन. बैठक तिथंच घ्या.