दुसऱ्या गोळीचा भरवसा

शिकारकथा शिकवताना 'रायफल' हा एकच शब्द उच्चारून आपण पुढे सरकतो. वस्तुतः रायफल कोणती, यावर शिकाऱ्याची नीतीही अवलंबून असते, असे आम्हांस वाटते.

थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांच्यापाशी बोल्ट ॲक्शनची स्प्रिंगफील्ड होती आणि लिव्हर ॲक्शनची विंचेस्टरही. लिव्हर ॲक्शनमध्ये चापाभोवतीची तरफ खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते. रायफल खांद्यावरून काढावी लागत नाही. अमेरिकेतील दाट रानात जवळून हरीण टिपणाऱ्यांना १८९४ ची विंचेस्टर प्रिय झाली ती यामुळेच. मात्र तिच्या नळीवजा मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात. टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून स्फोट होऊ नये म्हणून गोळी परंपरेने बोथट ठेवली गेली, आणि बोथट गोळीचा वेग लवकर ओसरतो. बोल्टची दांडी उचलून मागे ओढणे, पुन्हा पुढे रेटणे, हे काम सावकाशीचे. पण टोकदार गोळी दूरवर नेमकी जाते.

आमचा कौल बोल्टला. दुसऱ्या गोळीच्या भरवशावर पहिली सैल सुटते आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते. (घायाळ अस्वल अंगावर आले असता हा युक्तिवाद कितपत टिकेल, ते शिकाऱ्यालाच विचारावे!)

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर आपल्यासाठी शिकार उरली ती मुख्यतः पुस्तकांत. तेव्हा अनुवादकांनी 'त्याने बंदूक पुन्हा भरली' एवढ्यावर भागवू नये. तरफ ओढली की दांडी, एवढे तरी लिहावे.